सिंदखेडराजाचा वाडा आणि गावोगावच्या गढ्या

आपल्या भागात गाव जुनं की नवं हे ओळखायला फार विद्वान लागत नाही. जुन्या गावात उंचवट्यावर एक मातीचा ढीग असतो. त्यावर बाभळी आणि घाणेरी माजलेली असते, एखादा बुरूज अर्धा उभा असतो, आणि म्हातारी माणसं त्या जागेला ‘गढी’ म्हणतात. ज्यांची ती गढी, त्यांची पोरं-नातवंडं नोकरीधंद्यासाठी शहरात गेलेली. राहिली ती माती. तीही दर उन्हाळ्यात ट्रॉली-ट्रॉलीनं कमी होत चालली आहे.

या गढ्यांपैकी सगळ्यात मोठी आणि नशीबवान म्हणजे सिंदखेडराजाचा लखुजीराव जाधवांचा वाडा. नशीबवान अशासाठी की तिथं सन १५९८ च्या १२ जानेवारीला जिजाऊंचा जन्म झाला असं आपण मानतो, म्हणून वाड्याला कायद्याचं संरक्षण मिळालं. तो राज्य संरक्षित स्मारक आहे. मुंबई-नागपूर रस्त्यावरून जाताना त्याचा भव्य दरवाजा दिसतो. एस.टी.तून जाणारा माणूस हात जोडतो आणि पुढं जातो. मात्र या वाड्यातून चारशे वर्षांपूर्वी शेतीचा सगळा कारभार कसा चालत होता, हे फारसं कुणी सांगत नाही. शेतकरी बंधूंनी आणि गावच्या कारभाऱ्यांनी ती बाजू समजून घ्यावी, म्हणून हा लेख.

वाडा म्हणजे कचेरी

लखुजीराव निजामशाहीतले मोठे सरदार होते. दिल्लीच्या फौजा दक्षिणेत उतरल्यावर काही काळ ते मोगलांकडेही गेले, पुन्हा निजामशाहीत आले, आणि सन १६२९ मध्ये दौलताबादच्या किल्ल्यात भर दरबारी दगा होऊन मुलांसह मारले गेले. हा इतिहास पोरं शाळेत शिकतात. पण सरदारकीच्या जोडीला त्यांच्याकडे सिंदखेडची देशमुखी होती, आणि आपल्या दृष्टीनं तीच महत्त्वाची.

देशमुख म्हणजे परगण्याचा वतनदार. परगणा म्हणजे पाच-पन्नास गावांचा, कुठं त्याहून मोठा टापू. गावात पाटील आणि कुलकर्णी, परगण्यात देशमुख आणि देशपांडे, अशी ती उतरंड होती. पाटलानं गावचा वसूल गोळा करायचा, कुलकर्ण्यानं लिहायचा. देशमुखानं परगण्याचा वसूल सरकारात भरण्याची हमी घ्यायची आणि देशपांड्यानं त्याचं दप्तर ठेवायचं. आजचे तहसीलदार, ठाणेदार, कृषी अधिकारी, बँक मॅनेजर आणि कोर्टाचे साहेब असे सगळे एकाच ओसरीवर बसले तर कसं होईल, तसा तो वाडा होता. शेताच्या बांधाचा तंटा तिथं, वारसाचा तंटा तिथं, पाणी कुणी आधी घ्यायचं हा तंटाही तिथंच.

एक काम मात्र आजच्या कुठल्याच खात्याकडे राहिलेलं नाही, ते म्हणजे ओस गाव वसवण्याचं. लढाया, दुष्काळ, साथी यांनी गावंच्या गावं उठून जायची. सन १६३० ला सुरू झालेला दख्खनचा मोठा दुष्काळ तर लखुजीरावांच्या खुनानंतर वर्षाच्या आतच आला. अशा वेळी परगंदा झालेल्या कुणब्याला परत आणायचं तर त्याला खात्री द्यावी लागे. तिला ‘कौल’ म्हणत. पहिल्या वर्षी सारा नावापुरता, मग दरवर्षी थोडा थोडा वाढवत काही वर्षांनी पुरा, याला ‘इस्तावा’ म्हणत. बैल नसतील तर बैलाला आणि बी नसेल तर बियाण्याला तगाई. जमीन पडीक राहिली तर वसूल बुडतो हे त्या काळच्या कारभाऱ्याला पक्कं ठाऊक होतं, त्यामुळं त्याचं हित आणि कुणब्याचं हित निदान या एका ठिकाणी जुळत होतं. पुढं जिजाऊंनी पुण्याच्या ओसाड जहागिरीत सोन्याचा नांगर फिरवला अशी कथा सांगतात. सोन्याच्या नांगराचं कौतुक आपण करतो, पण त्यामागची कौल देऊन माणसं बसवण्याची रीत त्यांनी कुठं पाहिली असेल, याचा विचार केला तर पहिलं नाव माहेरच्या वाड्याचंच घ्यावं लागतं. हे माझं मत आहे, कागदाचा पुरावा नव्हे.

बळद आणि पेव

जुन्या वाड्यांची बांधणी पाहिली की धान्य हा त्यांचा जीव होता हे कळतं. खाली घडीव दगडाचं जोतं, वर विटा किंवा पांढऱ्या मातीच्या रुंद भिंती. दरवाजाच्या आत दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या देवड्या, मग चौक, सोपा, माजघर. पाणी आतल्या आडाचं, म्हणजे वेढा पडला तरी घागर बाहेर न्यायला नको. आणि दोन भिंतींच्या मध्ये बळद. बळद म्हणजे वरून धान्य ओतायचं आणि खालच्या भोकातून काढायचं अशी बंद खोली. नवख्या माणसाला ती भिंतच वाटावी.

बळद घरच्या दाण्यासाठी. वसुलाच्या आणि सालभराच्या ज्वारीसाठी पेव. ज्यांनी पेव पाहिलं नाही अशी पिढी आता शेती करते आहे, म्हणून थोडं सांगतो. जिथं पाणी लागत नाही आणि जमीन घट्ट आहे अशा जागी माठाच्या आकाराचा खड्डा खणायचा, तोंड माणूस उतरेल एवढंच, पोट मोठं. आतून शेण-मातीनं लिंपून, कडबा आणि भुसा लावून ज्वारी भरायची. वर दगडी झाकण, त्यावर मातीचा थर. आत हवा येत नाही. दाणा आणि किडा दोघंही श्वास घेतात, असलेला प्राणवायू संपतो, कर्बवायू भरतो आणि किडा मरतो. औषध नाही, धुरी नाही. आज बाजारात हवाबंद पिशव्या मिळतात त्यांचं तत्त्व हेच आहे, फक्त पिशवी प्लास्टिकची आणि पेव मातीचं.

मात्र ज्या हवेनं किडा मरतो त्याच हवेनं माणूसही मरतो. म्हणून जुने लोक पेव उघडलं की दिवसभर तसंच ठेवत आणि मग आत कंदील सोडून बघत. कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही. कुठं जुन्या वाड्यात, गढीत किंवा घराच्या पडवीत पेवाचं तोंड सापडलं तर पोरांना आधी दूर करा. कुतूहलानं उतरलेला माणूस ओरडायच्या आधीच खाली बसतो, आणि त्याला काढायला उतरणारा दुसराही तिथंच राहतो. पडीक विहिरीचं आणि गोबरगॅसच्या टाकीचंही तेच.

आता या धान्याचा हिशोब. पेरणीला बी नाही, आषाढात घरात दाणा नाही, अशा वेळी कुणबी वाड्यावर जायचा. वाडा नाही म्हणत नसे. पण घेतलेल्या मणाला सुगीत सव्वा मण द्यायचं ती ‘सवाई’, आणि दीड मण द्यायचं ती ‘दिढी’. चार-पाच महिन्यांत पंचवीस ते पन्नास टक्के! पीक बुडालं तर पुढच्या वर्षी त्यावर पुन्हा सवाई. अशानं किती जमिनी कुणब्याच्या खात्यातून वाड्याच्या खात्यात गेल्या असतील याचा हिशोब आता कुणी देणार नाही. त्यापुढं आजची पणन मंडळाची शेतमाल तारण योजना ठेवून पाहा. ती सन १९९०-९१ पासून चालू आहे. बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन, तूर, हरभरा ठेवला तर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा महिन्यांसाठी, सहा टक्के व्याजानं. तरी आपला शेतकरी कापणी झाली की त्याच आठवड्यात माल काट्यावर नेतो आणि पडेल भावानं देतो. त्याची कारणं आहेत, देणेकरी दारात उभा असतो हे मलाही माहीत आहे. पण ज्या समितीकडं ही योजना चालते तिथं निदान चौकशी तरी करावी.

दरवाजाच्या आत कोण, बाहेर कोण

वाड्याचं कौतुक करताना एक गोष्ट दडवून चालणार नाही. त्या भिंती कुणी बांधल्या? माती कुणी तुडवली? वेठबिगारीनं आलेल्या माणसांनी. त्यांची नावं कुठल्या शिलालेखात नाहीत. आपल्याच जिल्ह्यात, देऊळगावराजा तालुक्यातलं मेहुणा राजा हे संत चोखामेळ्यांचं जन्मगाव मानतात. लखुजीरावांच्या अडीचशे वर्षं आधीची गोष्ट, पण बघा, चोखोबांचा शेवट कसा झाला? मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत अंगावर कोसळून, सन १३३८ मध्ये, अशी परंपरा सांगते. ज्या कुसाच्या आत राहायची परवानगी नव्हती ते कूस बांधताना. गढीकडं बघताना हे विसरू नये.

बलुत्याचंही तसंच. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, महार, मांग हे सगळे खळ्यावर आपला वाटा घ्यायला यायचे. वर्षभराच्या कामाची ही मजुरी. दुष्काळात निदान पोटाला मिळायचं हे खरं. पण वाटा कुणी किती आणि कुठं उभं राहून घ्यायचा हेही ठरलेलं होतं. ‘जुन्या काळी गाव कसं एका कुटुंबासारखं होतं’ असं भाषणात सांगणारे या खळ्यावर कुठल्या बाजूला उभे होते ते विचारावं!

खुद्द शिवाजी महाराजांना वतनदारांच्या वाड्यांचा बंदोबस्त करावा लागला. सभासदाच्या बखरीत, म्हणजे १६९७ च्या सुमाराच्या लिखाणात, याची नोंद आहे. देशमुख-पाटील कोट-बुरूज बांधून बळावले होते, रयतेकडून मन मानेल तसं घेत आणि सरकारात थोडंसं देत. महाराजांनी त्यांचे बुरूज-हुडे पाडून साधी घरं बांधून राहायला लावलं आणि त्यांचे हक्क नेमून दिले. पुढं रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही वतनदारांबद्दल सावधगिरीचा मोठा मजकूर आहे. म्हणजे गढी ही रयतेचा आधारही होती आणि रयतेच्या डोक्यावरचा बोजाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या.

आधार कसा, तर पेंढाऱ्यांच्या काळातला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वऱ्हाडात पेंढाऱ्यांच्या टोळ्या फिरत होत्या. घोड्यावर येणार, दाणा-दागिना लुटणार, उभं पीक तुडवणार. बुरुजावरच्या माणसानं धूळ पाहिली की नगारा वाजायचा आणि शिवारातली माणसं बायकापोरं, गुरंढोरं घेऊन दरवाजाच्या आत. सन १८१७-१८ मध्ये पेंढाऱ्यांचा निकाल लागला आणि गढीचं हे कामही संपलं. सन १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हाताखाली गेलं, पुढं जमिनीची मोजणी होऊन सारा थेट खातेदाराच्या नावावर बसला. देशमुखाची मधली जागा गेली. पाटीलकी त्याहून जास्त टिकली, पण सन १९६२ च्या कायद्यानं महसुली पाटलाचं पदही बंद झालं, आणि १९६७ च्या कायद्याचे पोलीस पाटील आले. दप्तर तलाठ्याकडं गेलं. त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण शेतकरी तलाठीच म्हणतो. मान मात्र काही ठिकाणी उरला आहे. पोळ्याला तोरणाखालून पहिली जोडी कुणाची जाणार, यावर आजही गावात डोकी तापतात.

दगडापेक्षा पाणी मोठं

सिंदखेडराजाला येणारा पाहुणा वाडा बघतो, रंगमहाल बघतो, काळाकोटाच्या जाडजूड भिंती बघतो, फोटो काढतो आणि गाडीत बसतो. शेतकऱ्यानं खरं बघावं ते मोती तलाव, चांदणी तलाव, पुतळा बारव आणि सजना बारव. निळकंठेश्वराच्या देवळासमोरही पायऱ्या-पायऱ्यांची चौकोनी बारव आहे. एवढ्या एका गावाच्या भोवती एवढी पाण्याची कामं! चांदणी तलावाच्या मधोमध इमारत आहे. सजना बारवेचं पाणी बंदिस्त नाल्यातून गावात खेळवलं होतं असं सांगतात. आपला हा मुलूख पावसाच्या भरवशाचा. इथं वाडा बांधणाऱ्यानं पाणी आधी बघितलं.

तलाव भरला की त्याचं पाणी नुसतं पाटानं जात नाही, ते खाली मुरतं आणि आजूबाजूच्या विहिरींना येतं. म्हणून तलाव आणि बारवा यांचा एकत्र विचार व्हायला हवा. तलाव गाळानं भरला की बारव आटते. मग आपण बारवेला दोष देतो आणि शेजारी चारशे फुटांचं बोअर मारतो. या तालुक्यात आणि शेजारच्या देऊळगावराजात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचं बीजोत्पादन करणारे शेतकरी पुष्कळ आहेत. त्यांना मार्च-एप्रिलमधल्या पाण्याचं मोल सांगायला नको. पराग धरायच्या वेळी आठ दिवस पाणी चुकलं तर हंगाम गेला.

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सन २०१७ पासून आपल्याला माहीत आहे. गाळ हलक्या, मुरमाड रानात टाकावा. तिथं तो ओल धरतो, पिकाला जीव देतो. भारी काळ्या रानात टाकून उपयोग नाही, उलट निचरा बिघडतो. टाकण्याआधी गाळाचा आणि रानाचा नमुना तपासून घ्यावा. पण ज्या तलाव-बारवा संरक्षित आहेत तिथं जेसीबी घालण्याआधी पुरातत्त्व खात्याची परवानगी पाहिजेच. कारण साधं आहे. गाळाखाली पायरी असते, पाणी सोडण्याची दगडी मोरी असते. जेसीबीच्या दातानं एकदा मोरीचा दगड हलला की तलाव गळायला लागतो, मग त्यातला गाळ काढून काय उपयोग?

‘मातीच तं नेतो, साहेब’

आता ज्या गढ्यांना कुणी संरक्षण दिलेलं नाही त्यांच्याकडं वळू. दौऱ्यात कुठल्याही गावी गढीजवळ ट्रॅक्टर उभा दिसला आणि विचारलं की उत्तर ठरलेलं असतं.

“मातीच तं नेतो, साहेब. पडून पडून पावसात वाहूनच जाते. कोनाचं काय गेलं?”

“कुठं टाकता, आजोबा?”

“थोडी धाब्यावर, बाकी वावरात. गढीची माती म्हंजे खतच की.”

आजोबांचं अर्धं बरोबर आहे. गावाची जागा ती पांढरी आणि शेताची जमीन ती काळी, हा भेद आपल्या बापजाद्यांनी केला तो उगीच नाही. शेकडो वर्षांची राख, शेण, हाडं, चुना, पडलेल्या भिंती मिसळून पांढरी तयार झाली. काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. पांढरी तशी करत नाही, म्हणून धाब्याला पांढरीच लागते. राखेमुळं तिच्यात पालाश आणि स्फुरद असतो हेही खरं.

पण वावरात टाकण्याचं गणित सगळीकडं जुळत नाही. आपल्या बऱ्याच काळ्या जमिनींत आधीच चुनखडी जास्त आहे. त्यात पांढरी टाकली की चुना आणखी वाढतो. मग सोयाबीन, भुईमूग, मोसंबी-संत्रा यांची वरची पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेतकरी म्हणतो खत कमी पडलं आणि युरियाची आणखी एक गोणी टाकतो. मुळात लोह जमिनीत असून पिकाला मिळत नसतं. डिझेल, भाडं, मजुरी धरून गढीची एक ट्रॉली वावरात पडते त्या खर्चात शेणखत किंवा कंपोस्ट करता येतं. माती परीक्षणाचा कागद हातात नसताना गढी फोडू नये एवढंच माझं म्हणणं.

दुसरा प्रकार गुप्तधनाचा. अमावास्येला गढीत खड्डे पडतात, लिंबू-नारळ दिसतात. यात माणसं दबून मेल्याच्या बातम्या येतात, आणि त्याहून वाईट प्रकारही घडतात. सन २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठी केलेले अघोरी प्रकार गुन्हा आहेत. आणि नांगरताना, पाया खणताना खरंच काही सापडलं तर? सन १८७८ चा निधी कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचा पुरलेला ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. लपवलं तर शिक्षा. मात्र पुढची गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. चौकशीत ठेव्याचा कुणी मालक निघाला नाही, तर त्याचे तीन हिस्से सापडणाऱ्याचे आणि एक हिस्सा जमीनमालकाचा. आणि सरकारला वस्तू हवी असेल तर किंमत अधिक एक पंचमांश रक्कम द्यावी लागते. म्हणजे मोडीच्या भावानं सराफाला विकण्यापेक्षा कळवणं केव्हाही फायद्याचं. शिवाय अटक नाही.

शंभर मीटर, दोनशे मीटर, एक फूट

सिंदखेडराजाला लखुजीरावांच्या समाधीची भव्य छत्री आहे. ती केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडं आहे. सन २०२४ च्या जूनमध्ये खात्याच्या नागपूर मंडळाचं तिथं जतनाचं काम चालू असताना सुमारे सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची देखणी मूर्ती निघाली. सगळ्या पेपरांत फोटो आले. त्यानंतर ‘आता जमिनी सरकारजमा होणार’ अशा अफवाही अशा ठिकाणी उठतातच, म्हणून कायदा काय आहे तो सांगतो.

केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकाम बंद. त्यापुढं आणखी २०० मीटर बांधकाम करता येतं, पण परवानगी घेऊन. सन २०१० च्या दुरुस्तीनं हे पक्कं झालं. जुन्या घराची डागडुजी परवानगीनं होते. सार्वजनिक पाणीपुरवठा, नाल्या, वीज यांची कामं यात ‘बांधकाम’ धरलेली नाहीत, त्यामुळं ग्रामपंचायत किंवा नगरपालिका ‘पुरातत्त्ववाले करू देत नाहीत’ म्हणून नाली टाळत असेल तर तिला कायदा दाखवावा. आणि शेती? खुद्द संरक्षित क्षेत्रात जमीन असली तरी केंद्राच्या १९५८ च्या कायद्यानं वहिती बंद केलेली नाही. एक फुटापेक्षा खोल जायचं नाही, एवढी अट. वखर चालेल, पेरणी चालेल. खोल नांगरट, शेततळं, विहीर यांना विचारावं लागेल. राज्य संरक्षित वास्तूंना महाराष्ट्राचा १९६० चा कायदा आहे, त्याची चौकशी राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडं करावी. घरकुल मंजूर करण्याआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी नकाशावर हे अंतर पाहिलं तर गरिबाचा पाया खणून झाल्यावर काम थांबायची पाळी येणार नाही. हप्ता अडकतो तो त्याचा, आपला नाही.

जत्रा गावाची, पैसा कुणाचा

१२ जानेवारीला सिंदखेडराजाला महाराष्ट्रभरातून माणूस लोटतो. सन २०२२ च्या डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, तो याच तालुक्यातून जातो. त्यामुळं येणं सोपं झालं. पण गर्दीच्या दिवशी शिवारातला शेतकरी काय विकतो? जानेवारीत आपल्याकडं हरभऱ्याचा घाटा भरलेला असतो, तूर निघालेली असते, ज्वारी हुरड्यावर असते. घरी केलेली तुरीची डाळ, हुरडा, तिळगूळ, ज्वारीचं पीठ हे बचत गटांनी एक-दोन किलोच्या पाकिटात मांडलं तर लोक घेऊन जातील. अन्नपदार्थ विकायचा म्हणजे अन्न परवाना विभागाकडं नोंदणी लागते, ती महिनाभर आधी करून ठेवावी. एक दिवसाच्या जत्रेनं वर्ष निघत नाही, पण गिऱ्हाईक ओळखीचं होतं आणि पुढं फोनवर मागणी करतं.

ज्या गावांत संरक्षित नसलेली गढी आहे तिथं ग्रामसभेत एक ठराव तरी व्हावा की तिची माती-दगड उचलायचा नाही. जागा सरकारी, गावठाणाची की खाजगी हे आधी उताऱ्यावर बघावं, खाजगी असेल तर मालकाला बसवून बोलावं. पावसाळ्याआधी भिंतीच्या माथ्यावर पाणी साठू न देणं हे सगळ्यात स्वस्त काम आहे. त्याला कुदळ आणि दोन माणसं पुरतात. वड-पिंपळाचं रोप बुरुजाच्या फटीत उगवलं की उपटू नका. मूळ आत गेलेलं असतं, उपटताना दगड घेऊनच बाहेर येतं. बुंध्याशी कापायचं आणि पुन्हा फुटलं की पुन्हा कापायचं, दोन-तीन पावसाळे. संरक्षित वास्तू असेल तर तेही स्वतः न करता खात्याच्या माणसाला कळवायचं. वाड्यावर पहारेकरी असतो, त्याला सांगितलं तरी निरोप पोचतो.